मत, विश्वास आणि नवा नगराध्यक्ष

मनुष्याने मनुष्यावर विश्वास ठेवल्यावाचून जगातील कोणताही व्यवहार चालत नाही. शेतकरी आपली तूर आडत्याच्या काट्यावर घालतो, रोगी आपली नाडी वैद्याच्या हाती देतो, आईबाप आपले लेकरू शिक्षकाच्या स्वाधीन करतात. परंतु यांपैकी एकही विश्वास आंधळा नसतो. काटा सरळ आहे की नाही हे शेतकरी डोळ्यांनी पाहून घेतो. औषधाने उतार न पडल्यास रोगी वैद्यास तसे सांगतो. आणि सहामाहीचे गुण हाती येताच आईबाप शाळेची पायरी चढतात. मग गावाचा कारभार ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याच्याच बाबतीत आपण दोन टोकांस का जावे? एक तर त्याला देव्हाऱ्यात बसवावे, नाहीतर तो लबाडच असणार असे गृहीत धरून त्याच्याकडे पाठ फिरवावी, हीच आपली रीत होऊन बसली आहे. या दोहोंच्या मधला जो मार्ग आहे, तोच नागरिकाचा मार्ग होय, असे आमचे मत आहे.

हा विषय आजच काढण्यास कारणही तसेच आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या निवडणुकांचे मतदान बहुतेक ठिकाणी 2 डिसेंबर 2025 रोजी झाले, काही ठिकाणी ते 20 डिसेंबर रोजी झाले, आणि मोजणी 21 डिसेंबर रोजी झाली. यांपैकी कित्येक नगरांत मागील सभासदांची मुदत संपून वर्षे लोटली होती, व तेवढा काळ कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्यामुळे या खेपेस ज्या तरुणांनी पहिल्यानेच मत दिले, त्यांतील पुष्कळांनी आपल्या जाणत्या वयात लोकनियुक्त नगराध्यक्ष खुर्चीवर बसलेला पाहिलाच नव्हता. अशा तरुणाच्या मनात नव्या अध्यक्षाविषयी कोणता भाव असावा, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

अध्यक्ष या शब्दाने आपणांस प्रथम राष्ट्राचे अध्यक्ष, म्हणजे राष्ट्रपती, आठवतात. परंतु त्यांच्या निवडीत तुमचे आमचे प्रत्यक्ष मत नसते. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सभासद ती निवड करतात, आणि महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य त्यात 175 धरले जाते. आपल्या खानदेशच्या कन्या श्रीमती प्रतिभाताई पाटील 2007 साली या रीतीनेच देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. नगराध्यक्षाची गोष्ट निराळी. तेथे मधे कोणी नाही. नगरपंचायतीचा मतदार दोन मते देतो: एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठी व दुसरे सबंध नगराच्या अध्यक्षासाठी. मेडशी, जऊळका अशा गावांहून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरीही हीच स्थिती आहे. कारण सरपंचदेखील आता थेट लोकांच्या मतानेच निवडला जातो.

ही थेट निवडीची पद्धत महाराष्ट्रात कित्येकदा आली आणि गेली. 2001 साली ती आली, पुढे मोडली. 2016 साली पुन्हा आली, 2020 साली रद्द झाली, आणि 2022 साली पुन्हा अमलात आली. नगरसेवकांनी आपल्यातून अध्यक्ष निवडावा म्हणजे सभेत एकोपा राहतो, असे एका पक्षाचे म्हणणे; तसे केल्याने सभासदांची फोडाफोड होते, म्हणून लोकांनीच निवडावा, असे दुसऱ्याचे म्हणणे. दोहोंतही थोडेबहुत तथ्य आहे. परंतु थेट निवडीमुळे एक गोष्ट निश्चित झाली. अध्यक्ष बरा निघाला तर श्रेय आपले, आणि वाईट निघाला तर आमच्या नगरसेवकाने फसविले असे म्हणून हात झटकण्याची सोय आता उरलेली नाही.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांशी व शाळा सोडून गेलेल्या तरुणांशी या विषयावर बोलू लागलो म्हणजे बहुधा तीन प्रकारची मते ऐकू येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला म्हणतो, "माझ्या एका मताने काय होणार?" याला उत्तर असे की, मताचे मोल केवळ निकालावरून ठरत नाही. ब्रिटिश अमदानीत मताचा अधिकार कर, मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून असे. ज्याच्या घरी शेत नाही व ज्याला अक्षर नाही, त्याला मत नाही. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या घटनेने ती अट काढून टाकली आणि मोलकरणीच्या व मालकाच्या मताचे वजन एक केले. पूर्वी वयाची अट 21 वर्षांची होती, ती 1989 साली 18 वर आली. म्हणजे तरुणांवर देशाने आधी विश्वास टाकला, आणि मग त्यांनी कोणावर विश्वास टाकावा हा प्रश्न निघाला. आम्हां ख्रिस्ती लोकांची संख्या या तालुक्यात मूठभर. मूठभरांस कोण विचारतो, असे आमच्यातही काहीजण म्हणतात. परंतु लहान समाजाचे कल्याण आपला माणूस खुर्चीवर बसण्यात नसून, खुर्चीवर कोणीही बसला तरी त्याने सर्वांना एकाच नियमाने वागविण्यात आहे. तो नियम जिवंत ठेवावयाचा असेल तर मूठभरांनी अधिक नेमाने मत दिले पाहिजे.

दुसरा म्हणतो, "सगळे सारखेच, मग जो काही देईल त्याचे घेऊन मत टाकले तर काय बिघडले?" हे बोलणे ऐकून दुःख होते, परंतु रागावण्यापेक्षा हिशेब मांडणे बरे. समजा, कोणी एका मताचे 1000 रुपये घेतले. अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची, म्हणजे सुमारे 1826 दिवसांची. भागाकार केला तर दिवसाला 55 पैसेही पडत नाहीत. तेवढ्यासाठी आपण काय विकतो? नळाला पाणी कधी येणार हे विचारण्याचा हक्क, तुंबलेल्या नालीविषयी दाद मागण्याचे तोंड, रस्त्याची खडी कोठे गेली हे पुसण्याची हिंमत. ज्याने आपले मत विकत घेतले, तो आपले देणे फेडून मोकळा झालेला असतो. तो आपला कारभारी राहत नाही, केवळ गिऱ्हाईक ठरतो. आणि सगळे सारखेच हे म्हणणे तरी खरे कोठे आहे? ते सारखे व्हावेत अशी व्यवस्था मत विकणाराच करीत असतो, कारण ज्याच्याजवळ वाटण्यास पैसा नाही असा प्रामाणिक मनुष्य मग उभाच राहत नाही.

तिसरा मोठ्या उत्साहाने सांगतो, "आमचा माणूस आला, आता सर्व ठीक होईल!" या तरुणाची आम्हांस अधिक काळजी वाटते. पहिले दोघे निराश आहेत, व निराशा कधीतरी उतरते. हा मात्र निवडणुकीच्या रात्री गुलाल उधळून झोपी जातो, तो पाच वर्षांनी जागा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीपुढे केलेल्या भाषणात याच वृत्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल. पण राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जी गोष्ट देशाच्या नेत्याविषयी खरी, ती सतरा प्रभागांच्या गावाच्या अध्यक्षाविषयी तितकीच खरी आहे.

मग विश्वास ठेवूच नये काय? ठेवावा, आणि मोकळ्या मनाने ठेवावा. परंतु ती ठेव आहे, दान नव्हे, हे दोघांनीही ध्यानात धरावे. दान दिले की संपले. ठेवीचा हिशेब द्यावा लागतो. पवित्र शास्त्रात शमुवेलाची कथा आहे. आयुष्यभर लोकांचा न्यायनिवाडा करून तो म्हातारा झाला, तेव्हा त्याने सर्व इस्राएलांस एकत्र जमवून, मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच खाल्ली, ते माझ्या तोंडावर सांगा, असे विचारले. आणि लोकांनी त्याला निर्दोष ठरविले. हिशेब मागितला म्हणून शमुवेल रुसला नाही. त्याने तो न मागता दिला. त्याच शास्त्रात मोशेच्या सासऱ्याने मोशेला कारभारी निवडण्याची कसोटी सांगितली आहे: मनुष्य कर्तबगार असावा, देवाला भिणारा असावा, सत्यप्रिय असावा व लाचेचा द्वेष करणारा असावा. जात, कुळ अथवा संपत्ती यांचा त्या कसोटीत उल्लेखही नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असे कित्ते आहेत. महात्मा जोतीराव फुले हे 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. सरकारने नेमले म्हणून ते सरकारचे होयबा झाले नाहीत. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतासाठी नगराच्या पैशातून खर्च करण्याचे ठरत असता त्यांनी एकट्याने विरोध नोंदविला, आणि मोठी मंडई बांधण्याऐवजी तो पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्चावा असाही आग्रह धरला. त्यांचा आग्रह चालला नाही; मंडई झालीच. पण आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते, हे लक्षात घ्या. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख 1928 च्या सुमारास अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या करविल्या आणि शिक्षणासाठी कर वाढविण्याचे अप्रिय कामही अंगावर घेतले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. परंतु त्यांची पारख एका जिल्ह्याच्या अध्यक्षपदावर आधीच झाली होती. लहान पद लहान मनुष्यामुळेच लहान राहते.

नव्या अध्यक्षाशी आपण कसे वागावे, हे आता थोडक्यात सांगतो. प्रथम, त्यास काम करण्यास अवधी द्यावा. तिजोरीत काय आहे, कोणती बिले थकली आहेत, हे उमगण्यासच काही महिने जातात. पहिल्याच आठवड्यात नावे ठेवणे अन्यायाचे होय. दुसरे, ज्यांचा उमेदवार पडला त्यांनीही अध्यक्षास आपला अध्यक्ष मानावे, आणि अध्यक्षानेही त्यांच्या गल्लीतील दिवा आधी लावावा. पराभूतांच्या वस्तीत पाणी पोचते की नाही, यावरूनच अध्यक्षाची खरी किंमत कळते. तिसरे, प्रश्न विचारावा, पण सभ्यपणे व लेखी विचारावा. माहितीचा अधिकार 2005 सालच्या कायद्याने आपणांस दिलेला आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून केलेल्या अर्जाला सामान्यतः 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. चौकातील शंभर शिव्यांपेक्षा असा एक अर्ज अधिक काम करतो.

चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. स्थानिक संस्थांत महाराष्ट्रात स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, व अध्यक्षपदही पाळीपाळीने त्यांच्याकडे येते. परंतु पुष्कळ गावी बाई खुर्चीवर आणि कारभार पतिराजांच्या हाती, असा प्रकार दिसतो. आपण ज्या व्यक्तीस मत दिले, तिलाच भेटावे, तिलाच निवेदन द्यावे, तिच्याच सहीचा आग्रह धरावा. आपल्या शाळेतील मुली हे वाचतील, म्हणून मुद्दाम लिहितो: पुढेमागे तुमच्यापैकी कोणी त्या खुर्चीवर बसली, तर टाचणे स्वतः वाचावी, सभेत स्वतः बोलावे, आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नये.

पालकांस एक विनंती आहे. मुले आपले व्याख्यान ऐकत नाहीत, वागणे पाहतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री दारावर आलेले पाकीट आईबापांनी परत केलेले ज्या मुलाने पाहिले, त्याला नागरिकशास्त्राचा तो धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही. पाकीट आत घेतलेले ज्याने पाहिले, त्याला आम्ही वर्षभर शिकवूनही काही उपयोग नाही. पुण्या-मुंबईस कामासाठी गेलेल्या मोठ्या मुलांचे नाव येथील यादीत असेल, तर मतदानाच्या दिवशी त्यांस बोलावून घ्यावे. लग्नासाठी जशी त्यांची वाट पाहतो, तशीच या कार्यासाठीही पाहावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, आज नववी-दहावीत बसलेला तुमच्यापैकी प्रत्येकजण पाच वर्षांनी मतदार होण्याच्या वयाचा झालेला असेल. सतरा वर्षे पूर्ण होताच यादीत नाव घालण्यासाठी आगाऊ अर्ज करता येतो, तो करावा. तोवर वर्गप्रतिनिधीची निवड हीच तुमची तालीम आहे. मित्र म्हणून नव्हे, खाऊ दिला म्हणून नव्हे, तर फळा स्वच्छ ठेवील, भांडणात खरे बोलेल व गुरुजींपुढे वर्गाची खरी अडचण मांडील अशास मत द्या. आणि निवडून दिल्यावर त्यास वर्षभर मदतही करा व विचारतही राहा. वर्गात जो हे शिकला, तो गावात ते विसरणार नाही.