फिके कुंकू

मराठीच्या मास्तराने शब्दांच्या छटा शिकवाव्यात. पण लाल आणि विटकरी यांतला फरक मला शिकवला तो माझ्या भाचीने. गेल्या दिवाळीच्या तोंडावर औशातल्या आमच्या घरी ती मामीकडे एकेक डोळा मिटून पाहात होती. म्हणाली, "मामी, डावा डोळा मिटला की तुझं कुंकू लालभडक, अन् उजवा मिटला की विटकरी!"

"सणासुदीला कुंकवाला फिकं म्हणू नये गं!" आई आतून ओरडली. मी चष्म्याचा नंबर वाढल्याचे निदान करून मोकळा झालो.

चार दिवसांत डोळा फिरवताना दुखू लागला, समोरचे धुरकट झाले. लातूर गाठले. डॉक्टर म्हणाले, "बिघाड डोळ्यामागच्या नसेत आहे. शरीराची फौजच चुकून आपल्या मज्जातंतूंवर चालून गेली आहे." आमच्या औशाच्या किल्ल्यातल्या पहारेकऱ्यांनी आपल्याच तटावर तोफा डागाव्यात, तसे!

मग भाचीने एका यंत्रावर हनुवटी टेकवली. ना सुई, ना चिरा. १९९१ साली जगापुढे आलेले हे ओसीटी तंत्र डोळ्यात प्रकाश सोडते आणि परतलेल्या प्रकाशावरून आतल्या पडद्याचे थर मोजते. मेंदूकडे निघालेले दहा लाखांवर तंतू त्या पडद्यावर पसरलेले असतात. नसेच्या तोंडाभोवती त्यांचा थर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. पुढे नसेत या तंतूंवर वेष्टण चढते, पडद्यावर ते नसते. म्हणून इथला थर झिजला तर तंतूच गेले असे समजावे. सुरुवातीला सुजेने थर उलट जाड दिसतो. खरा हिशेब काही महिन्यांनी लागतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसची पहिली वर्दी पुष्कळदा डोळाच देतो. हा रोग परदेशचा, असे आपण समजत होतो. पण मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजातले त्याचे प्रमाण १९९० साली मांडले. एनएमओ हा त्याचा चुलतभाऊ अधिक दांडगा. एकाच झटक्यात थर पार झिजवतो. एकाचे औषध दुसऱ्याला बाधू शकते, म्हणून एमआरआय आणि रक्ततपासणीही हवी.

स्टेरॉइडच्या सलाइनने भाचीची नजर परतली. सहा महिन्यांनी मोजले, तर डावा थर उजव्याहून पातळ. गेलेले तंतू येत नाहीत, उरलेले राखायचे. त्यासाठी औषध चालू आहे, आणि दरवर्षी मोजणी.

यंदा आई स्वतःच सुनेला उजेडात उभी करते आणि नातीला विचारते, "एक डोळा मीट गं. बघ, कुंकू कसं दिसतंय?"