संसाराचा जमाखर्च : कर्जाच्या शेजारीं ठेवलेली शिल्लक

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हीं दोनतीनदां वाचलें. तें इंग्लंडांत राहणाऱ्या एका भगिनीचें आहे. त्यांचे यजमान तेथें इमारतींचे नकाशे काढून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय करतात. मूळचें घराणें पुण्याचें. कर्ज म्हटलें कीं उशाखालीं निखारा असल्यासारखें वाटावें, अशा संस्कारांत दोघेंही वाढलेलीं. म्हणून घराचें कर्ज काढल्यापासून जी कांहीं शिल्लक पडेल ती हप्त्याखेरीज मुद्दलापोटीं भरावयाची, असा त्यांचा नेम होता. पुढें यजमानांच्या उजव्या हाताचें हाड मोडलें, चार महिने काम बंद राहिलें, आणि नेमका त्याच वेळीं जानेवारीअखेरचा प्राप्तीचा कर दाराशीं येऊन उभा राहिला. जास्त भरलेले पैसे परत मागावयास गेल्यावर बँकेनें सांगितलें कीं, कर्जफेडीस एकदां दिलेली रक्कम परत मिळत नसते. अखेर जबर व्याजाचें तात्पुरतें कर्ज काढून सरकारचें देणें द्यावें लागलें. "कर्ज लवकर फेडूं पाहिलें, हाच आमचा अपराध झाला काय?" असें त्या विचारतात. यजमान आतां 'ऑफसेट मॉर्गेज' घेऊं म्हणतात. भगिनींना मात्र हा कर्जाशीं नवा खेळ वाटतो. दोघांपैकीं बरोबर कोण, याचा निवाडा त्यांनीं आमच्याकडे सोंपविला आहे.

प्रथम हें प्रकरण काय आहे तें पाहूं. ऑफसेट मॉर्गेज म्हणजे वजावटीचें गहाणकर्ज. घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या खात्याशीं बँक आपलें एक बचतीचें खातें जोडून देते. त्या बचतीवर व्याज मिळत नाहीं; परंतु ती जितकी असेल तितकी रक्कम कर्जांतून वजा धरून उरलेल्या रकमेवरच व्याज आकारलें जातें. कर्ज दोन लाख पौंड आणि बचत तीस हजार असेल, तर व्याज एक लाख सत्तर हजारांवर. ही आकारणी बहुधा रोजच्या शिलकेवर होते, म्हणून आठ दिवस ठेवलेले पैसेही आठ दिवस उपयोगीं पडतात. मुख्य गोष्ट ही कीं, ते पैसे कर्जांत विरून जात नाहींत. ते तुमचेच राहतात, आणि अडचण आली तर काढतां येतात. इंग्लंडांत १९९७ सालीं निघालेल्या 'व्हर्जिन वन' या खात्यानें अशा तऱ्हेची कल्पना मध्यमवर्गीयांपुढें आणिली. ऑस्ट्रेलियांतही ही पद्धति चांगलीच रूढ आहे.

आतां स्वतंत्र धंदा करणारांस हिचें महत्त्व विशेष कां? नोकरदाराचा कर पगारांतूनच कापला जातो. हातीं येतें तें त्याचेंच असतें. स्वतंत्र व्यवसायिकाच्या हातीं मात्र सरकारचा पैसा कित्येक महिने पडून असतो. इंग्लंडांत करवर्ष ५ एप्रिलला संपतें. जुन्या व्यवसायिकानें गतवर्षींच्या कराच्या मानानें अर्धा हप्ता ३१ जानेवारीस व अर्धा ३१ जुलैला भरावयाचा, आणि कमी पडेल तो फरक पुढच्या ३१ जानेवारीस द्यावयाचा, असा सामान्य नियम आहे. जो मूल्यवर्धित कराखालीं नोंदलेला असेल, त्याच्याकडे ग्राहकांकडून घेतलेला तो करही बहुधा तीन तीन महिने सांठत असतो. शिवाय आजारपणासाठीं आणि काम नसलेल्या दिवसांसाठीं त्यास कांहीं गंगाजळी बाळगावीच लागते. हे सारे पैसे एरवीं साध्या खात्यांत झोंपून राहतात. वजावटीच्या खात्यांत ठेविले तर सरकारकडे जाईपर्यंत घरच्या कर्जाचें व्याज कमी करीत बसतात.

येथवर ऐकून यजमान म्हणतील, "पाहा, मी म्हणत होतों तेंच!" परंतु थोडें थांबावें. बँका धर्मार्थ निघालेल्या नसतात. वजावटीच्या कर्जाचा दर साध्या कर्जाहून बहुधा थोडा चढा असतो, आणि अशीं कर्जें देणाऱ्या संस्थाही थोड्याच आहेत. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलेंच पाहिजे. केवळ उदाहरणादाखल असें धरूं कीं, कर्ज दोन लाख पौंड, साध्या कर्जाचा दर शेंकडा ५, वजावटीच्या कर्जाचा ५.३, आणि साध्या बचतीवर मिळणारें व्याज शेंकडा ४. यजमान शेंकडा ४० कर देणाऱ्या वर्गांत आहेत असेंही धरूं. २०२५-२६ च्या करवर्षांत अशा मनुष्यास बचतीच्या व्याजापैकीं पहिले ५०० पौंड करमुक्त होते, त्यापुढील व्याजावर कर.

वर्षभर सरासरी दहा हजार शिल्लक राहिली, तर वजावटीच्या कर्जावर व्याज १०,०७० पौंड होतें. साध्या कर्जावर १०,००० द्यावें लागतें. पण बचतीचे ४०० करावांचून मिळतात, म्हणजे निव्वळ ९,६००. येथें वजावटींत ४७० पौंडांचा तोटाच आहे! शिल्लक तीस हजार असेल तर वजावटीचें व्याज ९,०१०. उलट बाजूस बचतीचे १,२०० मिळतील, त्यांतील ७०० वर २८० कर जाऊन ९२० उरतील, आणि निव्वळ खर्च ९,०८० होईल. फायदा अवघा ७० पौंडांचा. म्हणजे दोन्ही पारडीं जवळजवळ समान. परंतु शिल्लक साठ हजार असेल तर वजावटीचे ७,४२० आणि साध्याचे ८,३६०. येथें मात्र वर्षास ९४० पौंड वांचतात. तात्पर्य, लाभ होतो तो कर्जाच्या नांवामुळें नव्हे, तर त्याच्या शेजारीं सतत किती शिल्लक राहते त्यामुळें. जो मनुष्य वर्षांतून एक महिना श्रीमंत आणि अकरा महिने रिता असतो, त्यानें चढा दर पत्करूं नये. ज्याचा कराचा वर्ग खालचा, त्याचा लाभही आणखी कमी. कारण त्याच वर्षीं त्यास बचतीचे १,००० पौंडांपर्यंतचें व्याज करमुक्त होतें.

भगिनींची भीति निराळी आहे, आणि ती आम्हांस खोटी वाटत नाहीं. डोळ्यांसमोर पैसा दिसला म्हणजे मोह होतो. सरकारचा पैसा आपल्या खात्यांत पाहून नवी मोटार घेतली, तर जानेवारींत पुन्हा तोच प्रसंग. यावर उपाय बँकेंत नाहीं, घरांत आहे. एक वही करावी आणि तींत तीन रकाने आंखावे: सरकारचें, संकटाचें आणि आपलें. प्रत्येक बिलाचे पैसे येतांच त्यांतील कराचा अंश त्याच दिवशीं पहिल्या रकान्यांत लिहावा. कांहीं बँका एकाच कर्जाला अनेक बचतखातीं जोडूं देतात. तेथें तर वहीचे रकाने प्रत्यक्ष खात्यांतच उतरवितां येतात. ही वही भगिनींनीं स्वतःकडे ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आणखी एक सावधगिरी: यजमानांनीं पुढेंमागें आपल्या धंद्याची मर्यादित कंपनी केली, तर कंपनीचा पैसा हा कंपनीचा, घरधन्याचा नव्हे. तो घरच्या कर्जाशेजारीं नेऊन ठेवणें योग्य नाहीं.

इकडील वाचकांसही हा विषय परका नाहीं. भारतीय स्टेट बँकेची 'मॅक्सगेन' योजना याच जातीची. तींत घराचें कर्ज ओव्हरड्राफ्टच्या रूपानें मिळतें. हप्त्याहून अधिक ठेवलेल्या रकमेपुरतें व्याज लागत नाहीं, आणि ती रक्कम परत काढतां येते. आपल्याकडे आगाऊ प्राप्तिकर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या दिवशीं भरावयाचा असतो. तेव्हां स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर-वकिलांजवळही मधल्या काळांत सरकारचा पैसा पडून राहतोच. बदलत्या दराचें घरकर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास व्यक्तीकडून दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ मध्यें ठरवून दिलें आहे. त्यामुळें आपल्याकडे मुद्दल फेडण्याची वाटही मोकळी आहे. परंतु फेडलेलें मुद्दल परत मागतां येत नाहीं, हें येथेंही तितकेंच खरें.

तेव्हां भगिनींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें : कर्ज लवकर फेडणें हा अपराध मुळींच नव्हता, चूक झाली ती संकटाचा आणि सरकारचा पैसाही त्यांत घातला ही. आधीं जानेवारी व जुलै या दोन्ही हप्त्यांची तरतूद आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस काढावा. गेल्या दोन वर्षांचीं पासबुकें पाहून ही शिल्लक सरासरी किती राहते तें काढावें. ती वरील हिशेबांतील तीस हजारांच्या बरीच वर जात असेल, तर यजमानांचें म्हणणें मान्य करावें. खालीं असेल, तर साधें कर्ज आणि साधी बचत हीच बरी. मात्र दर तेथील त्या दिवसाचे घेऊन हिशेब पुन्हा करावा, आमच्या आंकड्यांवर विसंबूं नये. आणि कधीं काळीं कर देणें खरोखरच अशक्य झालें, तर सावकाराकडे जाण्यापूर्वीं तेथील करखात्याकडे हप्त्यांची सवलत मागावी. तेथें व्याज लागतें, पण विचारणाऱ्यास बहुधा वाट मिळते. गेल्या जानेवारींत हें कोणी सांगितलें असतें तर, असें वाटून भगिनींनीं कष्टी होऊं नये. हात बरा झाला आहे, काम पुन्हा सुरू झालें आहे. आतां वही तेवढी आजच आणावी.