परिषद ठेवा, नेमणुका सुधारा

‘विधान परिषद बरखास्त करा’ हे वाचकपत्र वाचले. खर्चाबद्दलची चीड समजते, निष्कर्ष पटत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. दुखणे नेमणुकांत आहे. राज्यपालनियुक्त 12 जागा जून 2020 पासून चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये 7 भरल्या, त्याही बहुतेक राजकारण्यांनीच. घटनेचे कलम 171 मात्र साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवेतले जाणकार मागते! निवडणुकांतही तीच रखडपट्टी: आमच्या मिरा-भाईंदर महापालिकेची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली, प्रशासक आला. नगरसेवकच नसतील तर परिषदेतला स्थानिक स्वराज्य संस्थांचा आमदार निवडणार कोण? पालिका निवडणुका वेळेवर घ्या, नियुक्तीला कालमर्यादा घाला. पत्रलेखकाने बरखास्तीऐवजी ही मागणी लावून धरावी.

— एक पदवीधर मतदार, भाईंदर (पश्चिम)