उत्तर देऊ शकेल, अशीच ट्रायल

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शहराशहरांत रुग्णांचे नातेवाईक प्लाझ्मा शोधत फिरत होते. प्लाझ्माची चिठ्ठी आपल्यापैकीच कुणा डॉक्टरने लिहून दिलेली होती. मात्र प्लाझ्माने कोव्हिडच्या रुग्णाला फायदा होतो का, या प्रश्नाचे उत्तर तोपर्यंत सहा महिने जुने झाले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० च्या उन्हाळ्यात देशातल्या ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर ‘प्लॅसिड’ ही रँडमाइज्ड ट्रायल केली होती. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे याचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. ऑक्टोबर २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसरी लाट शिखरावर असताना.

त्या ४६४ जणांनी आजारपणात, धास्तीच्या दिवसांत संमतीपत्रावर सही केली होती. आपल्यामुळे पुढच्या रुग्णाला योग्य उपचार मिळेल, एवढाच त्यांच्याशी झालेला करार होता. ट्रायल करणाऱ्यांनी तो पाळला; बाकीच्या वैद्यकविश्वाने नाही. हा अंक क्लिनिकल ट्रायलना वाहिलेला आहे, म्हणून या कराराबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ट्रायलची शास्त्रीय रचना एकीकडे आणि नैतिकता दुसरीकडे, अशी विभागणी आपल्या मनात पक्की बसली आहे: रचना संख्याशास्त्रज्ञाने पाहायची, नैतिकता एथिक्स कमिटीने. ही विभागणी चुकीची आहे. जी ट्रायल तिच्या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही, ती संमतीपत्र कितीही नेटके असले तरी अनैतिक आहे, कारण तिने माणसांना जोखीम दिली आणि बदल्यात काहीच दिले नाही.

सुरुवात प्रश्नापासून होते. दोन उपचारांपैकी कोणता बरा, हे जाणकारांच्या समुदायाला खरोखरच ठाऊक नसेल, तरच रुग्णाला चिठ्ठी टाकून एका गटात घालण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. एका डॉक्टरचे वैयक्तिक मत एका बाजूला झुकलेले असू शकते. समुदायात प्रामाणिक मतभेद आहेत का, हे महत्त्वाचे. तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. तंबाखू आणि गुटख्याने ग्रासलेल्या आपल्या भागात हा रोजचा आजार. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेत गाठ लागत नसताना मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेल तेव्हा काढाव्यात, यावर जगभरचे शल्यविशारद अनेक दशके वाद घालत होते. आधी काढल्या तर अनेकांवर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया. थांबले तर काहींचा आजार हाताबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ट्रायल सुरू केली. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण आधी ग्रंथी काढलेल्यांत ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. फरक स्पष्ट दिसताच देखरेख समितीच्या सल्ल्याने नवी भरती थांबवली गेली. प्रश्न आपल्या रुग्णांचा होता, उत्तर जगाने स्वीकारले.

याच्याही आधी, १९५६ मध्ये, मद्रासमध्ये क्षयरोगाच्या १९३ रुग्णांवर अशीच एक ट्रायल झाली. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरी, अनेकदा दाटीवाटीच्या एका खोलीत, औषधे दिली. घरचे उपचार जवळजवळ तितकेच परिणामकारक ठरले आणि घरच्यांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. सॅनेटोरियममध्ये खाटा नाहीत म्हणून हताश झालेल्या गरीब देशांना त्यातून मार्ग मिळाला. मोठा प्रश्न परदेशातूनच यावा लागतो, हा समज या दोन उदाहरणांनी कायमचा पुसला जायला हवा.

प्रश्न चांगला असूनही उत्तर हरवते ते दोन ठिकाणी: गटवाटणीत आणि रुग्णसंख्येत. गटवाटणीचा मुद्दा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि ओपीडीत विसरतो. सोमवारी आलेले एका गटात आणि मंगळवारी आलेले दुसऱ्यात, केसपेपरचा क्रमांक सम असेल तर हे औषध आणि विषम असेल तर ते, असे प्रबंध आजही मंजूर होतात. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्याला आधी कळले, की त्याचा हात नकळत थबकतो. जास्त आजारी रुग्णाला तो ‘नंतर बघू’ म्हणतो आणि तिथेच तुलना बिघडते. क्रम कसा तयार केला यापेक्षाही तो भरती होईपर्यंत लपलेला राहिला का, याला अधिक मोल आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये हे बंद पाकिटांनी साधले होते. तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये आले. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण सहा महिन्यांत दगावले, केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते, त्यामुळे चिठ्ठीची वाटणी हीच न्याय्य वाटणी ठरली. मात्र विश्रांतीच्या गटातल्या रुग्णांना आपण ट्रायलमध्ये आहोत हे सांगितलेही गेले नव्हते. त्या रचनेची शिस्त आपण घ्यावी आणि जो आदर तेव्हा दाखवला गेला नाही, तो आज दाखवावा.

आता रुग्णसंख्या. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणणारे औषध कुठल्याही अतिदक्षता विभागाला हवेसे वाटेल. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. आपल्या महाविद्यालयांतले कितीतरी प्रबंध ३० विरुद्ध ३० वर उभे असतात. त्यात खरा फायदा बहुधा सापडत नाही, आणि सापडलाच तर तो योगायोगाने फुगलेला असतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची अडचण खरी आहे, पण तिची किंमत रुग्णाने मोजावी हे मान्य होण्यासारखे नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ ट्रायलने महामारीच्या गोंधळातही मार्ग दाखवला: सोपा फॉर्म, मोजकी माहिती, खूप रुग्णालये. डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, हे जून २०२० मध्येच कळले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही, हेही त्याच ट्रायलने सांगितले. छोट्या छोट्या अभ्यासांच्या बेरजेतून इतके नेमके उत्तर मिळाले नसते.

सर्वांत अवघड प्रश्न कंट्रोल गटाचा. त्याची चर्चा आपल्याच मातीतल्या दोन ट्रायलना धरून करायला हवी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, दोन मोठ्या ट्रायल सुरू झाल्या. उस्मानाबादेत ५२ गावसमूहांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे चार गट केले: एचपीव्ही चाचणी, पॅप तपासणी, ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि नेहमीची स्थिती, म्हणजे प्रत्यक्षात कोणतीच तपासणी नाही. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या. जवळपास तेवढ्याच आकाराच्या कंट्रोल गटात ६४. मुंबईत चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ॲसिटिक ॲसिडने तपासणी केली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. गरीब देशात, स्वस्तात हे करता येते, याचा इतका भक्कम पुरावा जगाकडे तोवर नव्हता.

तरीही टीका झाली, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. पॅप तपासणीने मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून ठाऊक असताना हजारो स्त्रियांना वर्षानुवर्षे तपासणीविना का ठेवले? संशोधकांचे उत्तर असे, की देशात संघटित तपासणी नव्हतीच, कंट्रोल गटाकडून काही काढून घेतले नाही, आणि इथल्या परिस्थितीत जीव वाचतात का हे सिद्ध झाल्याशिवाय कुठलेही सरकार पैसे खर्च करणार नव्हते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमचे मत असे: ‘इथे नेहमी एवढेच मिळते’ हे वाक्य कंट्रोल गटाचे पूर्ण समर्थन होऊ शकत नाही, कारण मग जिथे गरिबी जास्त, तिथे संशोधकाची जबाबदारी कमी, असा अर्थ निघतो. असा गट ठेवायचाच असेल तर त्या गटातल्या बाईला समोर बसवून तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: ही तपासणी अस्तित्वात आहे आणि ती कुठे मिळते; या ट्रायलमध्ये तुम्हाला ती मिळणार नाही; आणि फायदा सिद्ध झाला तर ती तुम्हाला कधी आणि कुणाकडून मिळेल. हे तिच्या तोंडावर सांगायला जीभ अडखळत असेल, तर रचना बदलावी.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदाही झालेल्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के होते. धाराशिवच्या आणि मुंबईच्या स्त्रियांनी दिलेले उत्तर आपण अजून वापरलेलेच नाही. निष्कर्ष छापून ट्रायल संपत नाही.

संमतीबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २०१९ च्या नव्या औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी एथिक्स कमिटीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असणे, मृत्यू किंवा गंभीर अपाय झाल्यास २४ तासांत कळवणे आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक केले. आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात वसतिगृहाच्या प्रमुखांनी पालकांच्या जागी सह्या केल्याचे उघड झाले आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. प्रकल्पाच्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, तरी लोकांचा विश्वास मात्र गेला. पण कायदा सहीपर्यंतच पोहोचतो. ‘डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा आपले काम सुरू होते. त्याला मराठीत सांगावे, की कोणते औषध चांगले हे आम्हालाच ठाऊक नाही. तुमच्या औषधाची निवड मी करणार नाही, ती चिठ्ठीने होईल. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. मग तेच त्याच्या शब्दांत त्याच्याकडून ऐकावे. ‘मला नवे, भारी औषध मिळणार’ असे तो म्हणाला, तर संमती अजून झालेली नाही. शक्य असेल तिथे हे बोलणे उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी दुसऱ्या कुणीतरी करावे. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याला नकार देणे कुणालाही जड जाते.

नकारात्मक निष्कर्षही कराराचाच भाग आहे. पसरलेल्या स्तनकर्करोगात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ३५० स्त्रियांवर तपासले. मध्यक आयुष्य शस्त्रक्रियेच्या गटात १९.२ महिने, दुसऱ्या गटात २०.५ महिने आले. म्हणजे फायदा नाही. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यामुळे नंतरच्या कितीतरी स्त्रियांचे एक ऑपरेशन टळले. कपाटात पडून राहिलेला ‘फरक नाही’ असा निष्कर्ष पुढच्या रुग्णांवर तोच निष्फळ प्रयोग पुन्हा लादतो.

या सगळ्यातून आम्ही आमच्यापुरते काही निर्णय घेतले आहेत. पुढच्या वर्षापासून, पहिला रुग्ण भरती होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत न नोंदवलेली कुठलीही ट्रायल या मासिकात छापली जाणार नाही. गटवाटणीचा क्रम कुणापासून आणि कसा लपवला, रुग्णसंख्या कशी ठरवली आणि कंट्रोल गटाला काय सांगितले, हे लेखात लिहावेच लागेल. नोंदवल्याप्रमाणे नीट पार पडलेल्या ट्रायलचा निष्कर्ष नकारात्मक असेल, तर त्याला तितक्याच मानाने जागा मिळेल.

प्रबंधांच्या मार्गदर्शकांना आमची एक आग्रहाची विनंती आहे. वीस महाविद्यालयांनी साठ-साठ रुग्णांचे वीस वेगळे प्रबंध करण्याऐवजी एकच प्रश्न, एकच प्रोटोकॉल आणि मध्यवर्ती गटवाटणी ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या केंद्राची जबाबदारी घ्यावी आणि स्वतःच्या उपप्रश्नावर प्रबंध लिहावा. बाराशे रुग्णांची ती ट्रायल महाराष्ट्राला स्वतःच्या रुग्णांविषयीचे एक तरी खात्रीचे उत्तर देईल. सर्पदंश, क्षय, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, ग्रामीण भागातला मधुमेह: प्रश्नांची वाण नाही. अशा संयुक्त ट्रायलचा प्रोटोकॉल छापायला आणि त्यावर जाहीर चर्चा घडवायला या मासिकाची पाने खुली आहेत. पहिला प्रोटोकॉल आमच्याकडे पाठवा.