दिव्याची निवड

शाळेच्या छायाचित्रण मंडळासाठी स्ट्रोब दिवा घ्यावयाचा म्हटले, की पहिला प्रश्न निघतो तो ‘किती वॉट-सेकंदांचा?’ हा. आम्हांस हा प्रश्न गौण वाटतो. स्ट्रोबमधील कपॅसिटर विजेचा भार साठवितो आणि झेनॉन वायूच्या नळीतून तो निमिषार्धात मोकळा करतो. त्या साठ्याचे माप म्हणजे वॉट-सेकंद. 1957 साली हॅरल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा उसळता मुकुट टिपला, तो अशाच क्षणिक झोताने. चुळबुळ्या बालवर्गासमोर या गुणाचे मोल कळते! परंतु 200 ऐवजी 400 वॉट-सेकंदांचा दिवा घेतला, तरी कॅमेऱ्याच्या हिशेबी अवघ्या एका स्टॉपचा लाभ. दिवा जवळ ओढला तर तेवढे फुकट साधते. अंतर निम्मे होताच प्रकाश सुमारे चौपट होतो.

वर्गाच्या खोलीत अडचण उलटीच असते. प्रकाश आवरत नाही. म्हणून दिवा किती चढतो यापेक्षा किती खाली उतरतो, हे दुकानदारास आधी विचारावे. एकदा लखलखल्यावर तो पुन्हा सज्ज होण्यास किती वेळ घेतो, हेही पाहावे. चार सेकंद लागले, तर मुलाचे हसू तोवर मावळलेले असते.

आमचा खरा आग्रह मात्र निराळा आहे. दोन दिव्यांचे पैसे एका दिव्यात व एका मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये घालावेत. प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या जोरावर नव्हे, तर चेहऱ्यापासून पाहता उजळलेला पृष्ठभाग केवढा दिसतो यावर ठरतो. उघडा दिवा समोरून मारला, की चेहरा सपाट होतो, सावळ्या मुलीच्या कपाळावर पांढरा डाग उमटतो आणि मग संगणकावर तिला ‘उजळ’ करण्याची खटपट सुरू होते. ही खटपट आम्हांस मुळीच मान्य नाही. आपल्याच ओळखपत्रावरील चेहरा परका वाटावा, ही लहान गोष्ट नव्हे. बाजूने, किंचित वरून येणारा मऊ प्रकाश सावळ्या कांतीचा तजेला राखतो. पलीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला, की सावलीही निवळते. लाला दीनदयाळांनी 1874 च्या सुमारास इंदुरात छायाचित्रण हाती घेतले, त्या काळी काचेच्या मोठ्या तावदानातून येणारा दिवसाचा उजेड हेच काम करीत असे.

जुना दिवा स्वस्तात मिळाला, तर तो उघडून पाहण्याचा मोह मुलांनी टाळावा. बटण बंद करून वायर काढली, तरी कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार उरलेला असू शकतो.