शनिवारची मासळी

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. त्या दिवशी इफ्तारला पाहुणे येणार होते. आमच्या नांदे गावात आता मासळीसाठी पुण्याच्या मंडईपर्यंत जावं लागत नाही. सूस-नांदे रस्त्याला सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी बर्फात घातलेली समुद्राची मासळीही दारापाशी आली. मोठं पापलेट परवडत नव्हतं, म्हणून मी किलोभर लहान घेतलं. मासळीवाले भाऊ म्हणाले, "सर, हेच न्या. तव्यात एका वेळी सहा बसतात, पोरं आवडीनं खातात."

घरी बायको मासे साफ करायला बसली. शेजारी मुलगी भूमितीचा अभ्यास करत होती. तिने गंमत म्हणून कंपासपेटीतली पट्टी एका माशाला लावली आणि म्हणाली, "अब्बा, अकरा सेंटीमीटर." ती हसली, मला मात्र हसू आलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. पापलेटासाठी ती लांबी १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. बांगड्यासाठी १४०, सुरमईसाठी ३७०. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केलं गेलं. त्या राज्यमाशाची दहा-बारा पिल्लं माझ्या घरच्या ताटलीत पडली होती.

आम्ही ते मासे खाल्ले, हे कबूल करतो. मेलेला मासा समुद्रात परत जात नाही आणि अन्न फेकणं आमच्या घरात चालत नाही. पण तरावीहनंतर मी रत्नागिरीला मामूंना फोन लावला. मामूंनी सारी हयात लहान होडीवर काढली. ते म्हणाले, "भाच्या, तुझ्या ताटात आला तो मासा आमच्या जाळ्यातला नाही. आमच्या जाळ्याचे डोळे मोठे. एवढं पिल्लू त्यातून निसटून जातं."

मग ते पिल्लू आलं कुठून?

नांदे गावात बसून समुद्राची चिंता कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या गावाजवळून वाहते ती मुळा. तिच्यावर वर टाटांचं मुळशी धरण आहे. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते हेच धरण. मुळेचं स्वाभाविक वाहणं पूर्वेला, भीमेकडे आणि कृष्णेकडे. पण धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहावर सोडलं जातं. तिथून ते कुंडलिका नदीत जातं आणि रोह्यावरून, धाटावच्या कारखान्यांजवळून रेवदंड्याच्या खाडीत अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे मुळशीच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा एक वाटा थेट कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. आपण समुद्रापासून वाटतो तितके लांब नाही.

आता त्या समुद्राकडे येऊ. कोकणात फाल्गुन ते वैशाख हे दिवस वेगळेच असतात. सगळ्यात आधी येते खाडी. ओहोटीला बायका चिखलात उतरतात, तिसऱ्या आणि मुळे वेचतात, खडकावरची कालवं कोयत्याने फोडतात. त्यांना ना होडी लागते, ना डिझेल. गुडघाभर पाण्यात उभा राहून कुणी पाग फेकतो. त्यापुढे मालवणच्या बाजूला रापण. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांना तीस-चाळीस माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. दोरीला हात लावणाऱ्यालाही वाटा मिळतो. उत्तरेला रायगड-पालघरकडे भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेली डोल, तिच्यात बोंबील आणि जवळा. आणखी आत गेलं की वावऱ्यांची जाळी आणि गळांच्या लांब दोऱ्या. मग ट्रॉलर. आणि त्याहीपुढे पर्ससीन, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून बटव्यासारखं तळ आवळून घेणारं जाळं.

हे सगळं चंद्रावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कोळी तिथी पाहतो, आमचे मामू चांदची तारीख पाहतात. पाणी दोघांचं एकच. २०२५ च्या मार्चमध्ये शिमग्याची पौर्णिमा आणि रमजानचा तेरावा-चौदावा रोजा एकाच उधाणावर आले. शिमग्याला अनेक बंदरांत होड्या बांधून ठेवतात. त्या दिवसांत आमच्या नात्यातले काही जण सहरी करून वल्हवत बाहेर पडले आणि इफ्तार समुद्रातच खजुरावर केली.

या वसंतातच माशांच्या पोटात गाबोळी भरू लागते. अनेक जाती पावसाच्या तोंडावर आणि पावसात अंडी घालतात. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी लोकांना माहीत आहे. पण त्याआधीच्या पाच महिन्यांचा नियम फार थोड्यांना माहीत आहे. डॉ. वि. सो. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीतली पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या चार महिन्यांपुरती मर्यादित केली गेली. हद्द म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. १ जानेवारीपासून हे पाणी लहान जाळ्यांसाठी मोकळं राहावं, हा त्यामागचा विचार. थोडक्यात, कोकणातला वसंत हा कायद्याने गरीब मच्छीमाराचा हंगाम आहे.

प्रत्यक्षात काय होतं? अंधाऱ्या रात्री पाण्यावर शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. एका बोटीवर जनरेटर आणि एलईडीचे झोत, दुसरीवर जाळं. प्रकाशाला भुलून मासा वर येतो, लहान-मोठा सगळाच, आणि जाळं त्याला वेढून उचलतं. दिवा लावून मासेमारी करायला केंद्राच्या हद्दीतही नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आहे. राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून त्यासाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. तरी दिवे लागतात. पकडलं, तर दिवेवाल्याला म्हणता येतं की जाळं माझं नाही. जाळेवाल्याला म्हणता येतं की दिवा माझा नाही. आणि दोघांनाही म्हणता येतं की आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो.

हे ऐकताना मला सूरह आराफमधली (आयत १६३ ते १६६) समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत आठवते. त्या लोकांना शनिवारी मासेमारीची मनाई होती. नेमके शनिवारीच मासे पाण्यावर वर येत, इतर दिवशी येत नसत. ती परीक्षा होती. भाष्यकार सांगतात की काहींनी पळवाट काढली. आदल्या दिवशीच जाळी आणि खड्डे तयार ठेवायचे, मासे रविवारी काढायचे आणि म्हणायचं, शनिवारी आम्ही हातही लावला नाही. त्या वस्तीत तीन प्रकारचे लोक होते. पळवाट काढणारे, त्यांना रोखणारे, आणि रोखणाऱ्यांनाच तुम्ही कशाला बोलता असं विचारणारे. रोखणारे वाचले, पळवाटवाल्यांना शिक्षा झाली. तिसऱ्या गटाचं काय झालं, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत.

योगायोग असा, की रेवदंडा-अलिबागच्या पट्ट्यातच बेने इस्राएली लोक शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली असं नाव दिलं. पोट हातावर असतानाही एक दिवस काम थांबवणारी माणसं या किनाऱ्याने पाहिली आहेत. थांबणं इथल्या मातीला परकं नाही.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला, साखरतर इथे दालदी मुसलमानांची वस्ती आहे. पिढीजात मच्छीमार. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे. जमाती म्हणवणारे कोकणी मुसलमान एके काळी त्यांच्याशी सोयरीक करत नसत. मासळीचा वास येतो म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आजही आहेत. दस्तरखानावर सुरमई हवी, पण ती आणणाऱ्याच्या घरची मुलगी नको. इस्लाममध्ये जात नाही, असं भाषणात सांगणाऱ्यांनी कधी तरी बंदरावरही जाऊन यावं.

आणि दुसरी, अधिक अवघड गोष्ट. पर्ससीनचा वाद निघाला की काही जण त्याला हिंदू-मुस्लीम रंग देतात. हा रंग खोटा आहे. मालवणचा गाबीत रापणकर आणि राजिवड्याचा दालदी होडीवाला यांचं दुखणं एकच आहे. मोठ्या बोटींचे मालकही दोन्हीकडे आहेत. म्हणूनच आपण 'आपल्या' माणसाचा म्हणून मोठ्या बोटीचा बचाव करू नये. मिरकरवाड्यात कारवाई झाली की समाज म्हणून आपला जीव कळवळतो, ते स्वाभाविक आहे. गरिबाचं छप्पर पडत असेल तर कळवळलंच पाहिजे. पण रात्री दिवा लावणारा त्या छपराखाली राहत नाही. तो कलमा पढतो म्हणून त्याच्या जाळ्यातली अकरा सेंटीमीटरची पिल्लं जायज होत नाहीत. समुद्राचा शिकार हलाल आहे, यात वाद नाही. दुसऱ्याच्या हक्काचा घास उचलणं हलाल आहे, असं कुणी सांगितलेलं नाही.

मोठ्या बोटवाल्यांची बाजूही मी ऐकली आहे. ते म्हणतात, बँकेचं कर्ज आहे, खलाशांचे पगार आहेत, त्यांत कितीतरी मुलं नेपाळहून आलेली आहेत. आम्ही थांबलो तर कर्नाटक-गुजरातच्या बोटी येऊन आमच्यासमोर मासा नेतात. यात तथ्य आहे. २०१९ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मोजणीत महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली नीचांकी. त्या वर्षी क्यार आणि महासारखी चक्रीवादळं झाली, होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. म्हणजे सगळं पाप जाळ्याचं नाही, तापलेल्या समुद्राचाही वाटा आहे. पण वादळ आपल्या हातात नाही, दिवा आहे. आणि परराज्यातला चोर येतो म्हणून घरातल्याने चोरी करावी, हा युक्तिवाद कुठल्याच न्यायात बसत नाही. गस्तीच्या नौका वाढवा म्हणून लहान आणि मोठे दोघांनी मिळून सरकारला धरलं, तर ते खरं भांडण होईल.

सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. आता वीज, कर्ज, विमा यांचे फायदे येतील. ते कुणापर्यंत पोहोचतात, हे पाहावं लागेल. नोंदणी असलेली बोट ज्याच्याकडे आहे, तो कागद घेऊन पहिल्यांदा रांगेत उभा राहील. चिखलातून तिसऱ्या वेचणाऱ्या बाईकडे बोट नाही, कागद नाही. वाळूवर जवळा सुकवणाऱ्या खालाकडेही नाही. त्यांना मच्छीमार म्हणून मोजलं नाही, तर शेतीचा दर्जा मोठ्या शेतकऱ्याचाच ठरेल.

आपण खाणारे काय करू शकतो? फार मोठं काही नाही. फेब्रुवारी ते मे या दिवसांत कोवळं पापलेट, कोवळी सुरमई घेऊ नये. कमी घ्यावं, पण वाढलेला मासा घ्यावा, नाहीतर बोंबील, बांगडा, मांदेली यांतलं जे पुरेसं मोठं असेल ते घ्यावं. विक्रेत्याला विचारावं, हा कुठल्या जाळ्यातला? त्याला ठाऊक नसेल, पण दहा जणांनी विचारलं तर तो पुढे व्यापाऱ्याला विचारेल. किनाऱ्यावरच्या मशिदींत जुम्याच्या बयानात दाढी-टोपीइतकीच चर्चा जाळ्याच्या डोळ्यांचीही व्हावी. ते ऐकायला बोटीचे मालक पहिल्या सफेत बसलेले असतात.

मामूंना मी विचारलं, तुम्ही रात्री दिवे पाहता, तक्रार का करत नाही? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "करून पाहिली. मग आमचंच जाळं एका रात्रीत कापलेलं मिळालं. आता पोरं म्हणतात, अब्बा, जाऊ द्या, कशाला बोलता?"

त्या वस्तीतला तिसरा गट हेच विचारत होता. मामूंच्या मुलांना मी दोष देणार नाही. कापलेलं जाळं विणायला किती दिवस लागतात, ते त्यांना माहीत आहे. पण आपलं काहीच कापलं जाणार नाही. आपण पुण्यात, मुंबईत, दुबईत बसून मासळी खातो. गप्प राहायला आपल्याकडे कुठलं कारण आहे?

मुलीची ती पट्टी आता माझ्या बाजाराच्या पिशवीत असते. मासळीवाले भाऊ सुरुवातीला हसले. परवा मात्र त्यांनीच एक पापलेट उचलून पुढे धरलं आणि म्हणाले, "मोजा सर, हे बसतंय तुमच्या मापात." सोळा भरलं. दोनच घेतली. घरातल्या चौघांना पुरली.