नागपूरला निघण्याआधी साखर तपासून घ्या

अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर जवळ आले की वस्तीवस्तीत नागपूरची तयारी सुरू होते. तिकिटे कधीच काढून झालेली असतात, पांढऱ्या साड्या आणि सदरे धुऊन ठेवलेले असतात, डब्यात काय न्यायचे यावर घराघरांत चर्चा चालू असते. विहारातले वर्षावासाचे ग्रंथवाचनही संपत आलेले असते. एवढी सगळी तयारी करणाऱ्या आपल्या घरांत या वर्षी रक्तातली साखर किती जणांनी तपासली, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "मला कुठं काय होतंय?" आमचे म्हणणे साधे आहे. ज्या नेमाने आपण दीक्षाभूमीला जातो त्याच नेमाने, त्याच दिवसांत, घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. तारीख ठरलेली असली की विसर पडत नाही.

"मला काही होत नाही" ही मधुमेहाची सर्वांत मोठी फसवणूक. साखर वाढली तरी कित्येक वर्षे काही दुखत नाही. खूप तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे, जखम लवकर न भरणे, नजर अंधुक होणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर बराच काळ गेलेला असतो. त्यातही आपल्या वस्तीत लक्षण दिसूनही दडते. रात्री सार्वजनिक शौचालयापर्यंत जायला बायकांना भीती वाटते, म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच कमी पितात. मग रात्री तीनदा उठावे लागते हे डॉक्टरला सांगायचे कोणी? शेवटी माणूस दवाखान्यात पोहोचतो तो पायाला चिघळलेली जखम घेऊन. सफाई कामगाराचा, हमालाचा, घरकाम करणाऱ्या बाईचा पाय म्हणजे त्या घराची रोजी असते.

हा रोग श्रीमंतांचा, खाऊन-पिऊन सुखी माणसांचा, असे अजूनही अनेकांना वाटते. बाबासाहेबांनाच मधुमेह होता, हे आपण विसरतो. घटनेचा मसुदा तयार होत होता त्या वर्षांत मधुमेह, पायांतल्या वेदना आणि झोप न लागणे यांनी ते त्रस्त होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे औषधपाणी आणि पथ्य त्यांनी सांभाळले. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची नजर अधू झाली होती, चालताना आधार लागत होता. तशा शरीराने ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला उभे राहिले आणि त्यानंतर ५३ दिवसांनी आपल्यातून गेले. वय ६५. त्या काळी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, बोटातून थेंबभर रक्त काढून घरी साखर पाहण्याची सोय नव्हती. आज ती आहे, आणि आपण ती वापरत नाही.

आता बारीक अंगाच्या माणसांबद्दल. "मी एवढा सुकट, मला कसली साखर?" असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम माहीत करून घ्यावे. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे त्यांनी मोजली आणि इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि मांस. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी असलेले असे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. आईच्या पोटात असताना नीट अन्न मिळाले नाही तर त्याची खूण अशी शरीरात राहते. आपल्या आज्या-पणज्यांनी किती दिवस अर्धपोटी काढले हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणजे हा रोग भुकेच्या मागूनही येतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर बघा. शिंप्याची टेप बेंबीच्या उंचीवर धरून मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला साखर असेल, तर दर वर्षीची तपासणी टाळू नका.

"तपासलं की निघतं," असेही काही जण म्हणतात. निघू द्या की! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर. उंबरठ्यावर म्हणजे उपाशीपोटी साखर १०० ते १२५ या मधल्या पट्ट्यात. तपासणीचा खरा फायदा याच माणसांना आहे, कारण त्यांना अजून मागे फिरता येते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर तीन वर्षे अभ्यास केला. ज्यांना काहीच वेगळे सांगितले नव्हते त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना खाण्याबद्दल आणि चालण्याबद्दल सल्ला देऊन सतत पाठपुरावा केला त्यांच्यात हा आकडा ३९ वर आला. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पण आपण उंबरठ्यावर आहोत हे न तपासता कळणार कसे?

तपासणी नीट करा. रात्री जेवल्यावर किमान आठ तास फक्त पाणी. सकाळचा चहासुद्धा नको. आपल्याकडे हीच अट सर्वांत जड जाते हे आम्हाला ठाऊक आहे. आकडा १०० च्या आत आला तर चांगले. १२६ किंवा वर आला तर घाबरून न जाता दुसऱ्या दिवशी शिरेतून रक्त देऊन खात्री करून घ्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही करतात, पण विदर्भातल्या आपल्या पुष्कळ घरांत सिकलसेल आहे. सिकलसेल किंवा जास्त रक्तक्षय असेल तर या तपासणीचा आकडा फसवू शकतो. तसे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदर सुनेची, लेकीची साखर ग्लुकोजचे पाणी पाजून तपासतात. ती पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या आसपास करून घ्या. बाळंतपणात साखर वाढलेली होती आणि नंतर उतरली, म्हणून विषय संपत नाही. त्या बाईने दर वर्षी तपासायला हवे.

यासाठी पैसे लागत नाहीत. आरोग्यवर्धिनी केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात तिशीवरच्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या तर "नंतर या" म्हणून परत पाठवू नका.

शिबिरांबद्दल आमचे मत थोडे कडू आहे. मंडप, बॅनर, पाहुण्यांचे सत्कार, आणि वडापाव खाऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बोटातून एक थेंब. चिठ्ठीवर आकडा लिहून देतात, ती चिठ्ठी संध्याकाळपर्यंत हरवते. पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. याला तपासणी म्हणवत नाही. त्यापेक्षा विहार समितीने एक वही करावी. वर्गणीची वही आपण पै-पैचा हिशेब ठेवून सांभाळतो, तशी. तिच्यात नाव आणि तपासणी झाल्याची तारीख, एवढेच. आकडा लिहू नये. मुलीची साखर वाढलेली आहे हे गल्लीत कळले तर सोयरीक मोडते, म्हणून कित्येक आया पोरींना तपासायलाच नेत नाहीत. आकडा ज्याचा त्याच्यापाशी राहू द्या. वर्ष उलटून गेले तर "ताई, या वर्षी राहिलंय," एवढे सांगणारे कोणीतरी हवे.

आणि चालणे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गल्लीत चालायला जागा नाही ही तक्रार खरी आहे. विहाराचे आवार संध्याकाळी वंदनेनंतर तासभर बायकांसाठी मोकळे ठेवले तर काय बिघडेल? खाण्यात पहिला हात चहाच्या साखरेवर ठेवा. दिवसाला पाच-सहा कप होतात आपले. रेशनचा भात खावाच लागतो, पण ताटात त्याचा ढीग कमी करून डाळ-उसळ, पालेभाजी वाढवता येते. ज्वारीची भाकरी चांगली, पण ज्वारीची म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच.

ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी नागपूरला जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जा, पण तयारीने जा. प्रवासात गोळी चुकवू नका. औषधे सामानाच्या पिशवीत न टाकता अंगाजवळ ठेवा, लागतील त्यापेक्षा दोन दिवसांची जास्त. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका. ऑक्टोबरचे ऊन कडक असते. रांगेत उभे असताना जेवणाची वेळ टळली आणि अंग थरथरू लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर घटली आहे असे समजून लगेच साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका. त्यासाठी खिशात पुडी हवी. भोजनदानात पुरी, मसालेभात, बुंदी प्रेमाने वाढतात. ताट नाकारू नका, बुंदी शेजारच्या पोराला द्या. वाटेत भाजलेले मक्याचे कणीस घेतलेत तर तेवढा भात कमी घ्या.

सर्वांत महत्त्वाचे पाय. गर्दीत चप्पल हरवेल म्हणून पुष्कळ जण अनवाणी फिरतात. साखर असलेल्या माणसाच्या पायाला बधिरपणा असतो; खडा, काच, तापलेला रस्ता काही कळत नाही. मागे पट्टा असलेली, पायात घट्ट बसणारी चप्पल घाला, आणि रात्री मुक्कामावर पोहोचल्यावर नातवाला मोबाईलचा उजेड धरायला सांगून दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या खाचा बघा. लालसर डाग किंवा फोड दिसला तर दुसऱ्या दिवशी तिथल्याच आरोग्य केंद्रात दाखवा, घरी परतेपर्यंत थांबू नका.